कोंढरीचा तेविसावा दगड

१

तेविसाव्या थडग्यापाशी दगडच नव्हता.

हवालदार नूतन घरतने पुन्हा एकदा मोजून पाहिलं. बावीस दगड आपापल्या जागी उभे होते. समुद्राच्या बाजूला, चाफ्याखाली, जिथे तेविसावा असायला हवा होता, तिथे एक फळी आडवी टाकलेली होती आणि फळीवर गोणपाट.

कोंढरी बंदराच्या टेकाडावर इंग्रजांच्या वेळचं एक लहानसं चर्च आहे. छप्पर कधीच गेलं. चार भिंती आणि घंटेची रिकामी कमान तेवढी उरली आहे. गावात त्याला ‘गोऱ्यांचं देऊळ’ म्हणतात. बुडालेल्या गलबतांवरचे खलाशी, दीपगृहाचे कामगार, तापाने गेलेली दोन पोरं, अशी तेवीस माणसं त्याच्या आवारात पुरलेली आहेत. दगड नाहीसा झाल्याला नऊ दिवस झाले होते. आधीच्या तपासातून काही हाती लागलं नाही, म्हणून साहेबांनी कागद नूतनपुढे सरकवले होते. “शुक्रवारपर्यंत काही निघालं नाही तर रखवालदारावर गुन्हा दाखल करायचा. आवाराची देखभाल करणाऱ्या समितीचा तसा आग्रह आहे,” ते म्हणाले होते.

नूतन लगेच फळीकडे गेली नाही. बाकीच्या दगडांमधून ती हळूहळू फिरली. थडगी म्हणजे भकास काहीतरी, असं तिच्या डोक्यात होतं. ते पहिल्या दगडापाशीच पुसलं गेलं. एका दगडावर नांगर होता. त्याला गुंडाळलेल्या दोराचा एकेक पीळ मोजता येत होता. दुसऱ्यावर झोपलेलं मूल होतं आणि त्याची मूठ अर्धवट उघडी. अक्षरांच्या ओळी ताणलेल्या सुतासारख्या सरळ. फक्त इंग्रजी ‘एन’ सगळीकडे उलटा. कोरणाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं, हातात दिलेल्या कागदावरून तो नुसती आकृती उतरवत होता. पण काय उतरवली होती! पावणेदोनशे पावसाळे खाऊनही त्या मुलाची झोप मोडली नव्हती.

“मॅडम, केस एकदम सिंपल आहे,” मागून आवाज आला. आवाराच्या दुरुस्तीचं काम घेतलेला ठेकेदार प्रितम गेटमधून येत होता. दगड नाहीसा झाल्याचं मागल्या आठवड्यात सोमवारी सकाळी पहिल्यांदा त्यानेच पाहिलं होतं. “गेटची चावी एकट्या येसाजीकडे. अँटिक माल आहे, मुंबईत कोणी पण उचलेल. त्याला जरा आत घ्या, लगेच बोलेल.”

“ही फळी कोणी टाकली?”

“काय माहीत. मी आलो तेव्हा होतीच.”

नूतनने गोणपाट उचललं, फळी बाजूला केली आणि गुडघ्यांवर बसली. खालचा खड्डा चौकोनी, स्वच्छ. कडेने नव्या सिमेंटचा थर होता आणि तो छिन्नीने कापलेला होता. घावांचे व्रण सारख्या अंतरावर, सारखेच तिरके. प्रत्येक घाव दगडापासून दूर, बाहेरच्या बाजूला वळवलेला. दगडाचा एक कपचाही खाली पडलेला नव्हता. कोपऱ्यात काथ्याचे चार धागे अडकले होते.

ती बराच वेळ त्या व्रणांकडे बघत राहिली. हे काम घाईचं नव्हतं. दोन-तीन तास कोणीतरी इथे मांडी घालून बसलं होतं, आणि जाताना पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून खड्ड्यावर झाकण घालून गेलं होतं.

चोर कधी खड्डा जपतो का?

२

येसाजी तीस वर्षांपासून या आवाराची राखण करत होता. सत्तरीला आलेला, काटक माणूस. गाव सोडायचं नाही असं त्याला बजावलेलं होतं. तो भिंतीच्या सावलीत काजूची पानं झाडत होता. प्रितमकडे त्याने पाहिलंही नाही.

नूतनने प्रितमला गेटबाहेर थांबायला सांगितलं आणि ती पायरीवर बसली.

“येसाजीकाका, दगड गेला त्या रविवारी तुम्ही कुठे होता?”

“हितंच.”

“दिवसभर?”

“व्हय.”

“मग दगड जाताना तुम्हाला दिसला असणार.”

येसाजीने झाडू भिंतीला टेकवला. “मॅडम, दगड चोरीला न्हाय गेला.”

“मग कुठे गेला?”

त्याने पायाशी आलेली पानं हाताने बाजूला केली.

“काका, शुक्रवारी तुमच्यावर गुन्हा दाखल होईल. तीस वर्षांची नोकरी जाईल. समितीची माणसं तुम्हाला या गेटाच्या आत पाऊल टाकू देणार नाहीत.”

म्हाताऱ्याने गेटकडे पाहिलं. घाबरला होता, हे दिसत होतं. तरी तो म्हणाला, “तीन आठवडं थांबता आलं तर बघा. मग मीच येतो ठाण्यात. माझ्या पायानं.”

“तीन आठवड्यांत काय होणार आहे?”

त्याने झाडू पुन्हा हातात घेतला.

नूतनने आजवर खोटं बोलणारी पुष्कळ माणसं पाहिली होती. ती एक तर जास्त बोलतात किंवा चिडतात. येसाजी दोन्ही करत नव्हता. तो कशासाठी तरी वेळ मागत होता. चोरीचा माल विकायचा असता तर नऊ दिवसांत केव्हाच विकला गेला असता.

३

आवाराला लागूनच विनेशचा होमस्टे होता. अंगणात रंगीत झोपाळा, जुनं होडकं, बैलगाडीचं चाक. फोटो काढायला पाहुण्यांना काहीतरी लागतं म्हणून विनेश असल्या वस्तू गोळा करायचा, आणि त्या दगडासाठी त्याने समितीला दोनदा पत्र लिहिलं होतं. त्याच्या टेंपोच्या हौद्यात काथ्याचं मोठं भेंडोळं पडलेलं नूतनने येतायेताच पाहिला.

“काथ्या तर नारळवाल्या प्रत्येक घरात मिळेल,” तो गडबडून म्हणाला. “मला दगड पाहिजे होता, खरंय. पण मी मागितला, उचलला नाही. आणि रविवारी तर मी मैदानावर होतो. आमच्या क्रिकेट स्पर्धेची फायनल होती ना किनाऱ्यावर. सकाळी नवापासून संध्याकाळपर्यंत माइक माझ्या हातात. अख्ख्या गावाला विचारा, माझा आवाज ऐकून कान किटले असतील.”

नूतनने विचारलं. गावाने दुजोरा दिला, आणि कान किटल्याचंही सांगितलं. चार कर्णे लावले होते, बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. विनेश सुटला. पण त्याच्या बोलण्यातून एक गोष्ट मिळाली. रविवारी भरदिवसा या टेकाडावर कोणी तीन तास छिन्नी ठोकली असती तरी ती कोणाच्याच कानावर पडली नसती.

चर्चच्या उताराखाली भागुबाईचं घर. भागुबाई कोळीण, साठीच्या पुढची, अंगणात बोंबील वाळत घालत होती. दगडाचं नाव काढताच तिने हात पदराला पुसले.

“तो आमच्या धाकूचा दगड, बाय. आमच्या घरातला पूर्वज. गोऱ्याचं गलबत खडकावर फुटलं तवा हा होडी घिऊन गेला त्याला आनायला. दोगंबी बुडाले. गोऱ्याच्या बायकूनं दगड बनवला नि आमच्या मानसाचं नाव बी त्याच्यावर घातलं. मला वाचता येत न्हाय. पर कुठली ओळ ती मला ठावं हाय. सगळ्यात खालची.”

नूतनजवळ समितीच्या पुस्तिकेतला फोटो होता. वर शिडं फाटलेलं गलबत, खाली मजकूर: जेम्स पिकरिंग, जहाजावरचा सुतार, १८४१. आणि अगदी गवताला टेकलेली शेवटची ओळ: ‘धाकू नावाडी, जो त्याला आणायला गेला.’ एका गोऱ्याच्या थडग्यावर कोळ्याचं नाव, त्याच मापाच्या अक्षरात. नूतनने तो फोटो दोन्ही हातांत धरला. आपण नुसत्या दगडाचा तपास करत नाही आहोत, हे तिला तेव्हा उमगलं.

“सिमेंट लावल्यापास्नं तो दगड आजारी पडला,” भागुबाई म्हणाली.

“म्हणजे?”

“हात लावला की पीठ निघायचं. धाकूच्या नावाजवळच. शेवटचं अक्षर माझ्या बोटाला लागून आलं, बाय. मी रडले तिथं बसून. त्या ठेकेदाराला सांगितलं तर हसला.”

४

नूतन पुन्हा टेकाडावर गेली. प्रितमने तेवीसपैकी सहा दगडांचे पाय सिमेंटात घट्ट केले होते. पहिला तोच, धाकूचा. उरलेल्यांचं काम परवा सुरू होणार होतं, रेतीचा ढीग आणि पाण्याचं पिंप तयार होतं. सिमेंट लागलेल्या पाच दगडांच्या पायथ्याशी, सिमेंटाच्या थोडं वर, पांढरी भुकटी फुलून आली होती. न लागलेल्या सतरांवर तिचा मागमूस नव्हता.

तिने बोटावर भुकटी घेतली आणि जिभेला लावली.

मीठ.

उरणच्या मिठागरावर तिचं बालपण गेलं होतं. वडील फळीने मीठ ओढायचे आणि ती कडेला बसून चव बघायची. चांगल्या मिठाची चव जिभेवर सरळ येते. हे मीठ शेवटी कडवटलं. खाडीचं पाणी.

तिने पिंपातल्या पाण्यात बोट बुडवलं. तीच चव. पिंपातून निघालेली नळी उतारावरून थेट खाडीत गेली होती. रेतीतही शिंपल्यांचे कण चमकत होते.

“गोडं पाणी वर चढवायचं म्हणजे केवढा त्रास, मॅडम,” प्रितम हसला. “पाणी शेवटी पाणीच ना. दगडाला काय कळतंय?”

नूतनने ओलं बोट रुमालाला पुसलं. “हे सिमेंट लावणारा गवंडी कोण?”

“भागोजी. माणगावकडचा. म्हातारा झालाय, पण हात साफ आहे. त्या सोमवारपासून आलाच नाही, ताप आलाय म्हणे.”

भागोजी गावाच्या टोकाला एका नारळ-पोफळीच्या वाडीत राहायचा. मालक मुंबईला, वाडीची देखभाल याच्याकडे. नूतन पोचली तेव्हा तो ओट्यावर बसला होता. ताप दिसत नव्हता. पण डोळे खोल गेले होते आणि बोटांची टोकं पाण्यात राहून सुरकुतली होती. ओट्याशेजारी मोठा सिमेंटचा हौद, नारळाच्या झावळ्यांनी झाकलेला. हौदाच्या नळीतून पन्हळीत थेंब ठिबकत होते आणि पन्हळ पुढे अळवाच्या वाफ्यात शिरत होती.

“पानी घ्या, मॅडम.” त्याने विहिरीतून ताजा पोहरा काढून तांब्या पुढे केला. उन्हातून आलेल्या नूतनने तो एका दमात संपवला. नारळाच्या पाण्यासारखं गोड पाणी.

“भागोजीबाबा, तुम्ही लावलेलं सिमेंट कोणीतरी फार सुबक कापलंय.”

“हां?”

“दगडाला ओरखडा नाही.”

“नशीब म्हनायचं,” तो म्हणाला आणि खाली बघू लागला.

“तुमच्या घराण्यात दगडाचं काम होतं?”

“व्हय. आज्यापास्नं. आम्ही पाथरवट. आता दगड कोन घडवून घेतंय? म्हनून गवंडीकाम.” जरा थांबून तो म्हणाला, “त्या आवारात कोरलंय ना, तसं आता कोनाच्यानं व्हनार न्हाय. तो दोर बघितला तुम्ही? नांगराचा?”

“बघितला.”

त्याचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच मिटला.

नूतन निरोप घेऊन निघाली. जाताना तिने अळवाच्या वाफ्याकडे सहज पाहिलं. विहिरीजवळची पानं हिरवीगार, हत्तीच्या कानासारखी रुंद. पण पन्हळीच्या तोंडाशी असलेल्या पानांच्या कडा तपकिरी, करपलेल्या, आत वळलेल्या. बांध फुटून खारं पाणी भाजीत शिरलं की तिच्या आईचं अळू नेमकं असंच दिसायचं.

ती वाडीच्या फाटकापर्यंत गेली आणि थांबली. विहिरीचं पाणी तर गोड होतं. मग अळू कशाने जळलं?

५

ती परत आली तेव्हा भागोजी उठून उभा राहिला. तिने विचारलं नाही. हौदावरची एक झावळी उचलली.

पाण्याखाली, काथ्याच्या गादीवर, पिवळसर दगड आडवा झोपला होता. शिडं फाटलेलं गलबत पाण्यात हलल्यासारखं वाटत होतं.

भागोजी मटकन ओट्यावर बसला. नूतनही त्याच्या शेजारी बसली.

“मी सांगते, बाबा. चुकलं तर थांबवा,” ती म्हणाली. “तुमच्या विहिरीला मीठ नाही. पण हौदातून वाफ्यात जाणाऱ्या पाण्याला आहे. म्हणजे मीठ हौदातल्या वस्तूतून निघतंय. रोज गोडं पाणी भरायचं, दगडातलं मीठ त्यात उतरू द्यायचं, ते सोडून पुन्हा ताजं भरायचं. खड्ड्यावरची फळी बघितली तेव्हाच मला वाटलं, दगड नेणाऱ्याला तो परत बसवायचाय. छिन्नीचे घाव बघून कळलं, हा दगड समजणारा हात आहे. गावात तसा हात एकच. आणि काम रविवारी, कर्ण्यांच्या गोंगाटात झालं.”

“व्हय,” भागोजी म्हणाला.

“एकट्याने उचलला नसेल.”

“येसाजी होता. हातगाडी त्याची.” मग त्याला बोलणं आवरेना. “मॅडम, हा पोरबंदरी दगड. मऊ असतो, पानी पितो. खाऱ्या पान्याचं सिमेंट मीच कालवलं. माझ्या ह्या हातानं. ठेकेदाराला म्हनलं, दगड मरंल. म्हनाला, काम कर न्हायतर घरी जा. समितीच्या मानसाकडं गेलो, तर म्हनतात, तू गवंडी, तुला काय कळतंय. चार आठवड्यांत त्या म्हातारीच्या धाकूचं नाव गळाय लागलं. ती तिथं बसून रडली ती मी बघितली. मला जेवन जाईना. आजा सांगायचा, दगडात मीठ शिरलं तर त्याला गोड्या पान्यात निजवायचा, महिनाभर. येसाजीला बोललो. तो म्हनाला, चल.”

“आणि येसाजीकाकांवर आळ आला तेव्हा?”

“मी ठान्यात यायला निघालो होतो. त्यानंच अडवलं. म्हनाला, तू गेलास तर दगड पन जप्त करतील, कोरडा ठेवतील ठान्यात, नि आतलं मीठ उरलेली अक्षरं फोडंल. माझं काय व्हईल ते व्हईल, तू पानी बदल.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “मला आत टाका, मॅडम. फक्त पानी कोनीतरी बदला.”

नूतन हौदातल्या गलबताकडे बघत राहिली. एकाने दुसऱ्याच्या कामासाठी तुरुंगाची तयारी केली होती, दुसरा दिवसरात्र पोहरे ओढत होता, आणि दोघांपैकी कोणालाही त्या दगडावरचं एक अक्षरही वाचता येत नव्हतं.

“पाणी तुम्हीच बदला,” ती उठत म्हणाली. “परवा सकाळी मात्र आवारात या. सिमेंटाचं काम सुरू व्हायच्या आत.”

६

गुरुवारी सकाळी समितीची तीन माणसं, प्रितम, येसाजी, भागोजी आणि अर्धं गाव टेकाडावर जमलं. नूतनने भाषण केलं नाही. तिने समितीच्या अध्यक्षांना पांढऱ्या भुकटीपाशी नेलं आणि चव बघायला लावली. मग पिंपातल्या पाण्याची. अध्यक्षांचं तोंड वाकडं झालं, आणि त्यांनी प्रितमकडे जे पाहिलं त्यात सगळं आलं.

“मॅडम, हे चोरीचं मॅटर आहे, यात पाण्याचा काय संबंध?” प्रितम म्हणाला.

“चोरी झालेलीच नाही,” नूतन म्हणाली. “रखवालदाराने आणि गवंड्याने दगड दुरुस्तीला हलवलाय. ज्यांनी त्याला मारायला घेतलं होतं त्यांनी तक्रार केली, एवढंच. मी तसं लिहून देणार आहे. समितीला काही वेगळं म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा.”

समितीला काही म्हणायचं नव्हतं. रेतीचा ढीग आणि पिंप त्याच दुपारी उचललं गेलं. प्रितमचं काम काढून घेतलं, आणि ज्या भागोजीला ‘तुला काय कळतंय’ म्हणून परत पाठवलं होतं, त्याच्याकडे अध्यक्ष स्वतः चालत गेले. उरलेल्या पाच दगडांचं सिमेंट त्यानेच काढायचं आणि सगळं चुन्यात बसवायचं ठरलं. येसाजीने गेटची चावी कमरेला पुन्हा खोचली आणि पानं झाडायला गेला.

तीन आठवड्यांनी नूतन सुट्टीच्या दिवशी साध्या साडीत वाडीत आली. दगड बाहेर काढायचा होता. भागुबाई आधीच येऊन बसली होती. भागोजी आणि येसाजीने काथ्याच्या दोरांनी दगड अलगद वर घेतला आणि सावलीत, गवताच्या पेंढ्यावर उभा टेकवला. धाकूच्या नावातलं एक अक्षर गेलं होतं ते गेलंच होतं. बाकीची ओळ शाबूत होती. भागोजीने ब्रशने खालची कड पुसली.

“मॅडम, एक विचारायचं होतं,” तो संकोचून म्हणाला. “दगडाचा खालचा वीतभर भाग मातीत होता. माती नि सिमेंट निघालं तसं तिथं बी कोरलेलं लागलं हाताला. मी रोज हात फिरवतो. फुली-नक्षी हाय का अक्षरं, ते समजत न्हाय.”

नूतन खाली वाकली. फोटोत जिथे गवत होतं, त्याच्याही खाली, एक ओळ होती. कित्येक वर्षं जमिनीत राहिल्यामुळे तिला ना वारा लागला होता ना ऊन. अक्षरं काल कोरल्यासारखी धारदार होती. एक उलटा ‘एन’ त्यातही होता.

तिने मनात एकदा वाचली. मग नीट समजावी म्हणून पुन्हा वाचली.

“काय लिवलंय?” भागुबाईने विचारलं.

“‘धाकू नावाडी, जो त्याला आणायला गेला,’” नूतन वरच्या ओळीपासून सांगू लागली. “आणि खाली लिहिलंय, ‘आणि हसन, जो दोघांना आणायला पुन्हा गेला.’”

येसाजीने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

“पुन्हा गेला?” भागुबाई हळूच म्हणाली. “म्हंजी येकदा परत आला व्हता? वाचला व्हता?”

“तसंच दिसतंय, मावशी.”

“नि तरी परत गेला.”

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, दगडाजवळ गेली आणि नूतनने दाखवल्या जागी, एकेका अक्षरावरून, सावकाश बोट फिरवत राहिली. बोट ओळीच्या शेवटी पोचल्यावर तिने भागोजीकडे वळून पाहिलं.

“बाबा,” ती म्हणाली, “या खेपेला दगड वीतभर वर बसवा.”